तिरक्या रेघेआधीचे नाव

पहिले साधन १४ जानेवारी २०१५ चे आहे. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या ‘स्टीम’ या गेम लाँचरची लिनक्स आवृत्ती १४ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वांसाठी खुली झाली. तिच्यातले दोष कळवण्यासाठी कंपनीने एक जाहीर नोंदवही ठेवली, आणि हे साधन म्हणजे त्या वहीतली ३६७१ क्रमांकाची नोंद. नोंद करणारा एक साधा वापरकर्ता आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; आपल्याला शोधायचे आहे ते त्याच्या संगणकावर नेमके काय घडले एवढेच.

हकिकत थोडक्यात अशी. स्टीमचे फोल्डर त्याने मूळ जागेवरून उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेले आणि जुन्या जागी नव्या जागेचा दुवा ठेवला. मग लाँचर सुरू केला. तो चालेना, फोल्डर कुठे आहे ते दाखवा, असे विचारू लागला. नवी जागा दाखवली तरी त्याला ते सापडेना. लाँचर कोसळला. वापरकर्त्याने तो पुन्हा सुरू केला. या खेपेला स्टीमने स्वतःला नव्याने बसवून घेतले आणि सगळे ठाकठीक दिसू लागले. मग त्याचे लक्ष बाकीच्या संगणकाकडे गेले. त्याच्या मालकीच्या सगळ्या फाईली नाहीशा झाल्या होत्या. ज्या ३ टेराबाइटच्या बाहेरच्या ड्राइव्हवर तो सगळ्याच्या प्रती ठेवत असे, ती त्या वेळी जोडलेली होती. तीही पुसली गेली.

साधन म्हणून ही नोंद चांगल्या प्रतीची आहे. ती ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतः लिहिली आहे, हकिकत ताजी असताना लिहिली आहे, आणि खोटे लिहून त्याला काही मिळणार होते असे दिसत नाही. शिवाय नेमके काय झाले याची आपल्याला खात्री नाही, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा साक्षीदारावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण त्याने पाहिले ते परिणाम. पुसण्याची क्रिया त्याने पाहिलेली नाही. ती कुणी केली, हा त्याचा तर्क आहे. आणखी एक बारकावा. नोंदीच्या शीर्षकात फोल्डरचा पत्ता ‘लोकल’ मधल्या ‘शेअर’ मधले ‘स्टीम’ असा आहे. खाली मजकुरात दुव्याचा पत्ता देताना मात्र मधला ‘शेअर’ गळला आहे. ही घाईतली लेखनचूक असेल, किंवा दुवा खरोखरच चुकीच्या जागी ठेवला गेला असेल. दुसरी शक्यता खरी असेल तर लाँचरला फोल्डर का सापडले नाही, हे लगेच उलगडते. पण केवळ एका गळलेल्या शब्दावर एवढा इमला उभारणे बरे नाही. शक्यता टिपून ठेवू आणि पुढे जाऊ.

दुवा म्हणजे काय, हे आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचे नाव आजही आंबेगाव, पण तहसीलदाराकडे काम असेल तर जायचे घोडेगावला. नाव जुन्या जागेचे, कारभार दुसरीकडे, आणि जाणारा नेमका पोचतो. लिनक्समधला दुवा हेच काम करतो. विचारणाऱ्या प्रोग्रॅमला वाटते की आपण जुन्याच पत्त्यावर गेलो. यंत्रणा त्याला गुपचूप नव्या पत्त्यावर नेऊन सोडते. फोल्डर हलवून दुवा ठेवणे ही काही आगळीक नव्हे. मुख्य ड्राइव्ह भरली की लिनक्स वापरणारे असे नेहमी करतात, कारण गेम जागा फार खातात.

दुसरे साधन पहिल्याहून वजनदार आहे. लाँचर सुरू करणारी आज्ञावली ही साध्या मजकुराची फाईल असते; कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला, कारण तो कागद व्यवहार चालू असताना, व्यवहारासाठीच लिहिलेला असतो. पुढे कुणी इतिहास लिहील म्हणून नव्हे. ही आज्ञावली त्या अर्थाने अस्सल कागद आहे. मात्र एक सावधगिरी हवी. लाँचर स्वतःला अद्ययावत करतो आणि प्रत्येक अपडेट जुन्या फाईलवर नवी फाईल लिहून टाकते. इतरांनी आपापल्या संगणकांवर जी प्रत वाचली, तीच त्या वापरकर्त्याच्या संगणकावर होती, असे आपण धरून चालतो. दिवस इतके जवळचे आहेत की हे गृहीत बरेच भक्कम आहे. पण त्याच्याकडची प्रत आता तपासता येत नाही, कारण ती त्याच्या मालकीच्या फाईलींपैकी एक होती.

त्या आज्ञावलीतल्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. पहिली जवळजवळ सुरुवातीला येते आणि ‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर शोधते. आज्ञावलीला ज्या पत्त्याने हाक मारली गेली, त्यातला शेवटच्या तिरक्या रेघेपासूनचा भाग ती कापते. उरलेल्या पत्त्यावर जाऊन पाहते. तिथे पोचता आले, तरच त्या जागेचे पूर्ण नाव ‘स्टीमरूट’ या खणात लिहून ठेवते. ही युक्ती चटकन उमगणारी नाही, अशी कबुली वरच्या टिपेत लिहिणाऱ्यानेच दिली आहे. पोचता आले नाही तर काय? तर काहीच नाही. खण रिकामा राहतो. आज्ञावली थांबत नाही आणि तक्रारही करत नाही.

दुसरी ओळ बरीच खाली, लाँचर बिघडला तर त्याला मूळपदावर आणणाऱ्या भागात आहे. स्टीमरूटमधले सगळे पुसून टाकावे, असा तिचा हुकूम. हुकमाला दोन अक्षरे जोडलेली: एकाचा अर्थ आतल्या फोल्डरांत खोलवर उतरत जा, दुसऱ्याचा अर्थ कुणाला विचारू नको. लक्ष्य लिहिले आहे ते असे: आधी स्टीमरूट, मग तिरकी रेघ, मग तारांकन. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने एकाच शब्दाची टीप ठेवली आहे: ‘स्केअरी!’

ही टीप वाचून पुष्कळांना हसू आले आणि पुष्कळांना राग आला. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. सरकारी दप्तरात अधिकाऱ्याचा शेरा सापडावा तशी ती आहे. हुकूम काढणाऱ्याला धोका दिसत होता, याचा तो समकालीन लेखी पुरावा आहे. धोका कोणता दिसत होता, हे मात्र ती सांगत नाही. खण रिकामा राहू शकतो हे त्याला ठाऊक होते, की एवढे सगळे एकदम पुसण्याचीच त्याला धाकधूक होती? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण पहिला धोका ध्यानात आला असता तर तो टाळायला एक ओळ पुरली असती. पण हा कल आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आता दोन्ही ओळी एकत्र वाचू. खण रिकामा असेल तर दुसऱ्या ओळीत उरते फक्त तिरकी रेघ आणि तारांकन. लिनक्समध्ये नुसती तिरकी रेघ म्हणजे सगळ्या फाईलव्यवस्थेचे मूळ, आणि रेघेपुढचे तारांकन म्हणजे मुळापासून निघणारी प्रत्येक फांदी. लिनक्समधल्या पुसण्याच्या आज्ञेला एक कुलूप आहे: थेट मूळच पुसायला सांगितले तर ती नकार देते. ते कुलूप इथे का लागले नाही? कारण तारांकनाचा विस्तार आज्ञा सुटण्याआधीच होतो. पुसणाऱ्या आज्ञेच्या हाती ‘मूळ’ असा शब्द पडतच नाही. तिला मिळते फोल्डरांची यादी, आणि त्या यादीत ‘होम’ही असते आणि ‘मीडिया’ही.

हा तर्क पहिल्या साधनाशी ताडून पाहिला पाहिजे. वापरकर्ता म्हणतो की त्याच्या मालकीचे सगळे गेले. लाँचर त्याच्या नावाने चालत होता. म्हणून त्याच्या मालकीचे ते पुसता आले आणि व्यवस्थापकाच्या मालकीचे जागेवर राहिले. जुळते. बाहेरची ड्राइव्ह गेली. ती ‘मीडिया’ या फांदीवर लागलेली होती, असे तोच लिहितो. जुळते. स्टीमने स्वतःला नव्याने बसवले आणि ते नीट चालले. लाँचरचे बीज, म्हणजे ज्यातून तो पहिल्यांदा उलगडतो ती गुंडाळी, यंत्रणेच्या भागात व्यवस्थापकाच्या मालकीने ठेवलेली असते. तीच वाचली असणार, हा माझा तर्क. जुळायला हरकत नाही. ज्याने पुसले तोच तेवढा धडधाकट उभा राहिला, ही हकिकतीतली सर्वांत विचित्र वाटणारी गोष्ट अशा रीतीने सर्वांत नैसर्गिक ठरते.

साखळीची एक कडी मात्र लागत नाही. खण रिकामा राहिलाच कसा?

याचे एक उत्तर सोपे आहे. आज्ञावलीला पत्त्याविना, नुसत्या नावाने हाक मारली तर कापायला तिरकी रेघच नसते. मग कापूनही उरते ते आज्ञावलीचे स्वतःचे नाव. ते फोल्डर नव्हे, फाईल, फाईलच्या आत ‘जाता’ येत नाही, खण रिकामा. तांत्रिकदृष्ट्या हे बिनचूक आहे आणि कुणालाही करून पाहता येते. (करून पाहायचेच असेल तर पुसण्याच्या आज्ञेऐवजी नुसते छापण्याची आज्ञा लिहावी, हे वेगळे सांगायला नको.) पण एरवी लाँचर सुरू होतो तो यंत्रणेतल्या एका छोट्या आज्ञावलीमार्फत, आणि ती पूर्ण पत्त्याने हाक मारते. दुसरे उत्तर म्हणजे फोल्डर हलवल्यामुळे पत्ता मोडला. ऐकायला पटते, पण पत्ता मोडला असता तर त्याच फोल्डरात राहणारी आज्ञावली सुरूच कशी झाली असती? सुरू झाली त्या अर्थी पत्ता त्या क्षणी तरी शाबूत असला पाहिजे. की पहिल्या कोसळण्यानंतर, दुसऱ्या खेपेला, हाक वेगळ्या वाटेने गेली? कोसळला आणि पुन्हा सुरू केला, या दोन वाक्यांच्या मधली जागा नोंदीत कोरी आहे. ती भरू शकला असता लाँचरचा लॉग, म्हणजे लाँचरने स्वतः ठेवलेली कामाची नोंद. तो वापरकर्त्याच्या घराच्या फोल्डरात राहतो, आणि ते फोल्डर ‘होम’मध्ये.

अशी कोरी जागा कशी वाचावी, हे जुने लेख वाचणाऱ्यांना ठाऊक असते. जुन्नर तालुक्यात घाटघरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. आत पूर्वी राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे वाचता येतात, माणसे नाहीत. बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. किती गायी, किती कार्षापण, हे आकडे आजही वाचता येतात. पण लेखाचा बराच भाग झिजला आहे आणि हे यज्ञ नेमके कुणी केले हे सांगणारे शब्द सलग मिळत नाहीत. अभ्यासकांत त्यावरून मतभेद झाले. पण पुराभिलेख वाचणारा झिजलेल्या जागी चौकटी कंस घालतो, कंसात आपला तर्क लिहितो, आणि तो तर्क आहे हे वाचणाऱ्याला दिसेल असे ठेवतो. त्या आज्ञावलीला कंस घालण्याची सोय नव्हती. जिथे नाव नव्हते तिथे तिने शून्य वाचले आणि वाक्य पुरे केले.

स्टीमचा हा प्रकार सदोष अपडेटचा म्हणावा का? काटेकोरपणे नाही. स्टीमच्या प्रकरणात नुकसान झाले ते दुरुस्तीच्या वाटेने. निव्वळ सदोष अपडेटचे, आणि तरीही अगदी याच घाटणीचे प्रकरण हवे असेल तर सात वर्षे मागे जावे लागते.

५ डिसेंबर २००७ रोजी आइसलंडमधल्या सीसीपी या कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’ या गेमचे ‘ट्रिनिटी’ नावाचे मोठे अपडेट सोडले. त्यात नवे, अधिक देखणे ग्राफिक्स होते. जुन्या ग्राफिक्सवरून नव्यावर जाणाऱ्या काही खेळाडूंचे संगणक त्यानंतर बंद करून चालू केले असता चालूच होईनात. कारण ‘बूट.आयएनआय’ ही फाईल गायब होती. विंडोज एक्सपीमध्ये ही फाईल सी ड्राइव्हच्या मुळाशी असते आणि विंडोज कुठे आहे हे संगणकाला सांगते. दुर्दैवाने ईव्हच्या स्वतःच्या फोल्डरातही याच नावाची, गेमपुरती एक फाईल होती. अपडेटला ती जुनी फाईल काढायची होती. काढण्याच्या ओळीत नावाआधी गेमच्या फोल्डरचा पत्ता हवा होता. तो राहून गेला. रेघ राहिली, फाईलचे नाव राहिले. रेघेपासून सुरू होणारा पत्ता म्हणजे ड्राइव्हचे मूळ.

हा खुलासा सीसीपीनेच त्याच महिन्यात जाहीर केला. चूक करणाऱ्याने दिलेले कारण एरवी जपून घ्यावे लागते. इथे ते मान्य करायला दोन आधार आहेत. एक तर ते कंपनीच्या बाजूचे नाही. ‘आमच्या ओळीत पत्ता गळला’ यापेक्षा सौम्य कारणे पुष्कळ सुचली असती. दुसरा आधार नकारात्मक आहे, आणि म्हणूनच मला तो जास्त आवडतो: विंडोज व्हिस्टा वापरणाऱ्यांना झळ लागली नाही. व्हिस्टा सुरू होण्यासाठी बूट.आयएनआयवर अवलंबून नसते. कारण खरे असेल तर जे न घडायला हवे, ते घडले नाही.

एक्सपीवाले तरी सगळे का अडकले नाहीत? फाईल नसली तर एक्सपी हात टेकत नाही; पहिल्या डिस्कच्या पहिल्या भागावर विंडोज असेल असे धरून पुढे जाते. बहुतेक घरगुती संगणकांवर विंडोज तिथेच असते, म्हणून अनेकांना एखादी सूचना दिसून ती नाहीशीही झाली असेल. विंडोज दुसऱ्या भागावर बसवलेले असेल किंवा दोन यंत्रणा नांदत असतील, तरच गाडी अडते. आणि अडते तीही संगणक पुन्हा सुरू केल्यावर, म्हणजे अपडेटनंतर तासाभराने किंवा दोन दिवसांनी. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडले की साक्षीदार बिचारा भलत्यालाच दोष देतो. बाधितांच्या संख्येबद्दल म्हणूनच मी काही म्हणत नाही: फाईल किती जणांची गेली आणि ती गेल्याचे किती जणांना कळले, हे दोन वेगळे आकडे आहेत.

त्याही आधीचे, १९९८ च्या डिसेंबरमधले बंगी या कंपनीच्या ‘मिथ २’ या गेमचे प्रकरण याच कुळातले आहे. तो गेम काढून टाकणारा प्रोग्रॅम, गेम ज्या फोल्डरात आहे ते फोल्डरच उडवत असे. कुणी गेम थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल तर अख्खी ड्राइव्ह. बंगीला हे वेळीच कळले, सीडी परत मागवल्या गेल्या आणि सुमारे आठ लाख डॉलरचा फटका बसला. तिथे पत्ता गळला नव्हता. पत्ता होता, पण तो फार वर जाऊन पोचत होता.

या प्रकरणांचा नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावातल्या, अपडेटनंतर लाँचर उघडत नाही म्हणून खोळंबलेल्या वाचकाला उपयोग आहे. दुरुस्तीच्या घाईत पुरावा पुसला जातो. म्हणून आधी लाँचरच्या फोल्डरातल्या ‘लॉग्स’ या फोल्डरची प्रत दुसरीकडे काढावी. स्टीममध्ये तिथे ‘बूटस्ट्रॅप लॉग’ नावाची फाईल असते. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, आणि पुढे दोन-चार शब्द: सुरुवात झाली, आहे ते पडताळत आहे, अपडेट आहे का पाहत आहे. शेवटची ओळ कोणती आहे यावरून गाडी कुठे अडली ते कळते. पडताळणीनंतर काहीच नसेल तर दोष उतरवून घेण्यात नाही, बसवण्यात आहे, असे मानायला जागा होते. वेळ वाचताना घड्याळ कुणाचे, हे पाहावे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेनांचे संकेत एकत्र जुळवायचे तर सगळ्यांची वेळ एकच असावी लागते. आपल्या संगणकाची भारतीय वेळ आणि एखाद्या कंपनीच्या खुलाशातली जागतिक वेळ यांत साडेपाच तासांचे अंतर असते, आणि रात्रीच्या घटनेची तारीखच त्यामुळे बदलते. मग बाहेरची ड्राइव्ह काढून ठेवावी. बिघडलेले फोल्डर पुसण्याऐवजी त्याचे नाव बदलावे आणि लाँचर नव्याने बसवावा. गेमचे फोल्डर नंतर हलवता येते.

आता शेवटचे साधन: स्टीमच्या त्याच आज्ञावलीची नंतरची आवृत्ती. तिच्यात दोन बदल दिसतात. सुरुवातीला, खण भरण्याच्या ओळीनंतर, खण रिकामा असेल तर स्टीमचे मूळ फोल्डर सापडत नाही असे सांगून तिथेच थांबण्याची सोय आहे. खाली, पुसण्याच्या ओळीभोवती, खण रिकामा नसेल तरच पुढे जा, अशी आणखी एक अट आहे. तिच्यावरची टीप आता ‘पुसण्याआधी तपासा’ अशा अर्थाची आहे.

पहिली तपासणी खरी असेल तर दुसरीची गरज पडू नये. रिकामा खण घेऊन आज्ञावली तिथवर पोचणारच नाही. तरी दोन्ही आहेत. ही निव्वळ खबरदारी असेल. किंवा रिकामा खण कोणत्या वाटेने खालपर्यंत पोचला, हे दुरुस्ती करणाऱ्यांनाही पक्के सापडले नसेल, म्हणून त्यांनी दोन्ही टोके बंद केली असतील. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, कारण वर मांडलेली अडचण, म्हणजे पत्ता मोडलेला असताना आज्ञावली सुरू कशी झाली ही, या दोन तपासण्यांपैकी एकीनेही सुटत नाही.